हवापालट

आमच्या घरात ‘क्षय’ हा शब्द मोठ्यानं उच्चारत नसत. आत्या मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये होती, पण कुणी विचारलं तर ‘हवापालटाला गेलीय’ एवढंच सांगायचं, अशी आम्हा मुलांना ताकीद होती. लांबलचक व्हरांडे, ओळीनं खाटा, दुपारी बोलायला बंदी आणि दोन वेळा दूध-अंडी. आत्यानं जन्मात पहिल्यांदा अंडं खाल्लं ते तिथं. आजीनं ते औषधाच्या खात्यात टाकलं आणि विषय मिटवला. वर्ष उलटून आत्या परतली, तेव्हा तिचा धाकटा तिच्याजवळ जाईना. मोठी माणसं हा किस्सा हसत सांगायची. त्यात हसण्यासारखं काय होतं, देव जाणे.

बिचारीला कुठून ठाऊक असणार, की त्याच सुमारास मद्रासमध्ये तिच्या खाटेचाच निकाल लागत होता! 1956 साली तिथं क्षयरोगाच्या औषधोपचारांचं संशोधन केंद्र निघालं. वॉलेस फॉक्स या ब्रिटिश डॉक्टरच्या देखरेखीखाली 193 रुग्ण निवडले गेले, बहुतेक गरीब वस्त्यांतले. कुणी कुठं राहायचं हे डॉक्टरांनी नाही, नशिबानं ठरवलं. काही सॅनिटोरियममध्ये गेले, काही आपल्या दाटीवाटीच्या खोल्यांत राहिले. आयसोनियाझिड आणि पीएएस ही औषधं मात्र दोघांनाही वर्षभर तीच. घरी राहिलेल्यांना ना धड विश्रांती, ना पोटभर सकस जेवण. तरीही ते जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्यांना जास्त लागण झाली असंही दिसलं नाही. 1959 साली हे छापून आलं आणि हळूहळू जगभरची सॅनिटोरियमं ओस पडली. मला यात सगळ्यात भावतात ते मद्रासच्या केंद्राचे कर्मचारी. न कळवता दारात उभं राहायचं, उरलेल्या गोळ्या मोजायच्या, लघवी तपासून औषध खरंच पोटात गेलंय का ते बघायचं. घरचा उपचार म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणं नव्हे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आता आमच्या तळमजल्यावरच्या मुलाला टीबी निघाला. थुंकीची सीबीनॅट तपासणी झाली, गोळ्या सुरू झाल्या, त्याही सहाच महिने. पोरगं घरीच.

मद्रासच्या निष्कर्षातून पुढं अनेकांनी सोयीचा अर्थ काढला: गोळ्या असल्या की खाण्यापिण्याचं फारसं अडत नाही. झारखंडमध्ये 2019 ते 2022 या काळात अनुराग आणि माधवी भार्गव या डॉक्टर दांपत्यानं हे उलटं तपासलं. रुग्णांना दर महिन्याला शिधा दिलाच, शिवाय काही कुटुंबांत घरातल्या इतरांनाही तांदूळ आणि डाळ दिली. त्या घरांत टीबीचे नवे रुग्ण 39 टक्क्यांनी कमी निघाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचं वजन वाढलं, त्यांच्यात मृत्यूही कमी झाले. आत्याच्या खाटेवरचं दूध-अंडं अगदीच फुकट गेलं नव्हतं तर! सरकारही आता निक्षय पोषण योजनेत रुग्णाला महिन्याला 1000 रुपये देतं. डाळीचा भाव बघता ते किती पुरतात, हे ज्यानं त्यानं किराण्याच्या दुकानात जाऊन पाहावं.

तळमजल्यावरच्या वहिनी परवा वर आल्या. वजन दोन किलोनं वाढलंय म्हणाल्या, खूश होत्या. मग दार लोटून घेऊन हळूच विचारलं, “काका, त्याची कपबशी वेगळी ठेवू का हो?”

“नका ठेवू,” मी म्हटलं. “आणि दार उघडंच राहू द्या.”