बारामती ते इंदापूर : कानावाटे येणारे वाचन

बारामती म्हटले की लोकांना राजकारण आठवते, फार तर ऊस आणि साखर कारखाने. आम्ही मात्र दोन्ही मुलांना घेऊन गेलो ते मोरोपंतांच्या नावाने. थोरलीला त्यांची कविता अभ्यासाला होती आणि तिचा सरळ प्रश्न होता, ‘अब्बा, हे कवी दिवसभर करायचे काय?’

कऱ्हेच्या काठी बाबूजी नाईकांचा वाडा आहे. मोरोपंत पराडकर (१७२९–१७९४) मूळचे पन्हाळ्याचे. नाईकांच्या आश्रयाने इथे राहिले आणि बारामतीचेच झाले. कविता तर ते रचायचेच, पण वाड्यातले त्यांचे काम पुराण सांगण्याचे. ग्रंथ समोर ठेवायचा, मोठ्याने वाचायचा, अर्थ उलगडायचा आणि समोरच्या माणसांनी ऐकायचे. त्याच्याही आधी, शके १६४० मध्ये, श्रीधरांचे ‘शिवलीलामृत’ याच गावात पूर्ण झाले. तो ग्रंथही घरोघर मोठ्याने वाचला गेला. ज्यांना अक्षर ओळखता येत नव्हते त्यांनाही तो येत होता. छापखाना नसलेल्या काळात पुस्तक घरात शिरायचे ते असे, कानावाटे.

आपल्या घरांना हे काही नवीन नाही. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की बिस्मिल्लाखानी करायची जुनी रीत आहे. नवे कपडे, मिठाई, चार पाहुणे, आणि मांडीवर बसवून पहिला शब्द वदवून घेणे. पण मुलाच्या कानावर तो त्याआधीच पडलेला असतो. फजरनंतर दादी रिहल मांडून तिलावत करत असते आणि लहानगे अर्धवट झोपेत ऐकत असते. घरातले मोठे माणूस रोज, कुणी न सांगता, काहीतरी वाचते आहे, हे त्याला कायदा हातात येण्याआधीच कळलेले असते. पहिल्या वह्यीची सुरुवातच वाचण्याच्या आज्ञेने झाली, हे आपण व्याख्यानांतून सारखे ऐकतो. मुलाला मात्र ते दादीच्या आवाजातून कळते.

पुढे कुठेतरी हे तुटते. कुरआन शरीफ जुजदानात गुंडाळून उंचावर ठेवायचे, तो अदब आहे आणि तो राहायलाच हवा. पण गोष्टीची पुस्तकेही आपण काचेच्या कपाटात उंचावर ठेवतो, किल्ली अम्मीकडे. मुलाच्या हाती उरते ते क्रमिक पुस्तक आणि मोबाईल. त्यातून आपली भाषेची तिहेरी कसरत. घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात अरबी. पुष्कळ अम्मींना अरबी अक्षरे येतात, मराठी नीट वाचता येत नाही, म्हणून त्या म्हणतात, ‘आम्ही काय शिकवणार? ट्यूशनला घाला.’ इथेच आमचे मत वेगळे आहे. शिकवू नका, ऐका. मूल रोज दहा मिनिटे कुणाला तरी वाचून दाखवते, एवढे झाले तरी पुष्कळ आहे. ऐकणाऱ्याला वाचता आले नाही तरी बिघडत नाही. उलट बरेच. मुलाला प्रथमच वाटते की आपल्याजवळ असे काही आहे जे अम्मीला हवे आहे.

बारामतीहून इंदापूरला आम्ही एसटीने गेलो. पालखीचाच हा रस्ता. तुकोबांची पालखी बेलवाडीच्या रिंगणावरून याच वाटेने पुढे जाते. धाकट्याला खिडकी दिली आणि पाट्या वाचायचे काम दिले. सणसर, बेलवाडी, लासुर्णे. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या मागची वाक्ये, खतांच्या जाहिराती, काही सोडले नाही. ‘जंक्शन’ आले तेव्हा तो थांबला. गावाचे नाव असे कसे? वालचंदनगरकडे जाणारा रस्ता इथे फुटतो, असे सांगितल्यावर पुढच्या प्रत्येक गावाच्या नावाचा खुलासा द्यावा लागला. अंथुर्ण्याचा आम्हाला देता आला नाही. निमगाव केतकीला पानमळे दिसले तोवर समोरच्या बाकावरचे आजोबाही पाट्या वाचू लागले होते.

इंदापूर हे मालोजीराजे भोसल्यांचे गाव. त्यांनी आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली ती अहमदनगरच्या शाहशरीफ यांच्यावरून, असे सांगतात. मालोजींचा ज्यांच्यावर भाव होता ते श्रीगोंद्याचे शेख महंमद. त्यांनी ‘योगसंग्राम’ ओवीबद्ध मराठीत लिहिला. त्यांचे वडील स्वतः सूफी परंपरेतले. मराठी ही आपल्या घरात शाळेतून आलेली पाहुणी नाही, हे मुलांना सांगायला इंदापूरसारखी जागा नाही. थोरलीने ‘योगसंग्राम’ हे नाव वहीत लिहून घेतले. हे तिच्या पुस्तकात नव्हते, म्हणून बहुधा जास्त आवडले.

चाँदशावली बाबांच्या दर्ग्यावर फातेहा पढून बाहेर आलो तेव्हा भिंतीलगत एक आजी बसल्या होत्या. हातात कुठल्याशा जलशाचे मराठी पत्रक, घडी पडून मऊ झालेले. धाकट्याला म्हणाल्या, ‘बेटा, जरा पढके सुना.’ त्याने सुरुवात केली आणि एसटीतल्या वेगाने सुटला. आजींनी हात वर केला.

‘ठैर. मगरिबके बाद बोल्या की इशाके बाद?’

तो अडखळला. पत्रकात पाहिले, बोट ठेवले. ‘इशाके बाद, नानी.’

‘अब सुरूसे पढ. आहिस्ता.’

त्याने पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली. आम्ही चपला घालून उभे होतो. एसटीला अजून वेळ होता.