आत्या, आता अंथरुणातून ऊठ



तुझ्या एमआरआयचा रिपोर्ट दादाने पाठवला. गादी सरकलीय, मणके झिजलेत, आता जन्मभर वाकायचं नाही, असं तुला चौघांनी सांगितलंय आणि तू ते मनावर घेऊन महिनाभर पडून आहेस. माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारी निम्मी माणसं हीच भीती घेऊन येतात, म्हणून सविस्तर लिहिते.

रिपोर्टमध्ये लिहिलंय ते खोटं नाही. पण ज्यांचं काहीच दुखत नव्हतं अशा तीन हजारांहून जास्त माणसांचे स्कॅन २०१५च्या एका अभ्यासात एकत्र तपासले होते. साठीच्या माणसांपैकी ८८ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या, म्हणजे चकत्या, झिजलेल्या निघाल्या, ६९ टक्क्यांच्या फुगलेल्या. केस पिकतात तशा चकत्याही पिकतात. तेव्हा तुझं दुखणं खरं आहे, पण त्या कागदावरून तुझ्या कमरेचं भविष्य ठरत नाही.

पूर्वी डॉक्टरही कंबर धरली की झोपवूनच ठेवत. १९८६ मध्ये अमेरिकेत रिचर्ड डेयो यांनी काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस विश्रांती सांगून पाहिली. दोन दिवसवाले कामावर लवकर परतले आणि जास्त झोपलेल्यांना वेगळा काही लाभ झाला नाही. पुढे १९९५ मध्ये हेलसिंकीच्या महापालिका कर्मचाऱ्यांवरचा अभ्यास आला. ताज्या दुखण्यात जमेल तेवढं रोजचं काम चालू ठेवणारे लोक झोपून राहिलेल्यांपेक्षा लवकर सुधारले, आणि लगेच व्यायामाला लावलेल्यांपेक्षाही! मी व्यायाम शिकवून पोट भरते, तरी हे तुला सांगायलाच हवं. मणक्यांना बिलगून असलेले छोटे स्नायू पडून राहिल्याने अशक्त होतात, मग उठताना जास्त दुखतं आणि आपण आणखी पडून राहतो.

तुझं दुखणं मात्र आता ताजं राहिलेलं नाही आणि कळ पोटरीपर्यंत जाते, म्हणून तुला बेतून दिलेले व्यायाम हवेत. न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला रॉबिन मॅकेन्झी नावाचे फिजिओथेरपिस्ट होते. १९५६ मध्ये त्यांचा एक रुग्ण डोक्याकडची बाजू उचललेल्या टेबलावर चुकून पालथा झोपला. पाठ मागे वाकलेली, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे अगदी नको ती स्थिती. मॅकेन्झी परत आले तर पायातली कळ गेलेली! यातूनच त्यांची पद्धत उभी राहिली.

बसलं-वाकलं की तुझी कळ वाढते आणि चार पावलं चाललं की सैल वाटतं, असं दादा म्हणाला. म्हणून मागे वाकण्याची ही दिशा तुला मानवेल असं वाटतं. आधी नुसती पालथी झोप, मग कोपरांवर टेकून छाती उचल, आणि ते सोसलं तरच तळव्यांवर. कमरेला सैल सोड. कळ पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेत सरकली तर ती सुधारणा समज, मग कंबर थोडी जास्त दुखली तरी घाबरू नकोस. उलट कळ खाली पावलाकडे उतरायला लागली तर तिथेच थांब. शेजारच्या काकूंना हे शिकवू नकोस बरं का. त्यांचे पाय चालताना भरून येतात आणि बसलं की मोकळे होतात, त्यांना वेगळे व्यायाम लागतील.

कमरेचा पट्टा प्रवासापुरता ठेव. शेकाने बरं वाटतं, तर खुशाल शेक. तुळशीला पाणी, देवपूजा, अंगणातली फेरी आजपासून सुरू कर.

एक मात्र काटेकोर पाळ. लघवी अडली किंवा झालेली कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलेनासं झालं, तर माझ्या फोनची वाट न पाहता त्याच दिवशी हॉस्पिटलमध्ये जा.

रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल करते. दादाला मोबाइल पलंगाच्या उंचीवर, बाजूला धरायला सांग, म्हणजे पालथं झोपल्यावर तुझी कंबर मला नीट दिसेल. त्याआधी कळ कुठून कुठवर जाते ते कागदावर लिहून ठेव.

तुझी लाडकी भाची