वीस सेंटिमीटरचा हिशेब

ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक तिरंदाजी स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम लढतीत पंधरा बाण सोडले आणि पंधराही दहाच्या वर्तुळात बसले. कंपाउंड धनुष्य, ५० मीटर अंतर आणि वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंटिमीटर. त्याच दिवशी साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी विश्वविजेती झाली. मी अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये धनुष्याने शिकार करायला शिकवतो. तेव्हापासून इथे भेटणारी मराठी मंडळी मला हमखास विचारतात, "५० मीटरवर एवढा नेम साधत असेल, तर हरणाच्या शिकारीला तुम्ही बहुतेक विद्यार्थ्यांना २०-२५ यार्डांच्या पुढे का जाऊ देत नाही?"

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली वाढलेल्या भारतीय मनाला शिकार शिकवणेच खटकते, हे मी समजू शकतो. दक्षिण विस्कॉन्सिनच्या शेतीपट्ट्यात मात्र हरणांना आवरणारे लांडगे जवळजवळ उरलेले नाहीत. ते काम शिकारी करतात; त्यांचे हंगाम आणि परवाने राज्य ठरवते. १९३४ पासून इथे धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम आहे. वस्तीलगत जिथे बंदूक चालवता येत नाही, तिथे धनुष्यच वापरतात. अमेरिकेतली बहुतेक राज्ये सुरक्षेचे शिक्षण सक्तीचे करतात, पण परवान्यासाठी नेमबाजीची परीक्षा घेत नाहीत. किती अचूकता पुरेशी, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. म्हणूनच ते नीट ठरवायला हवे.

सुरुवात हरणापासून करायची. व्हाइटटेल हरीण आडवे उभे असताना पुढच्या पायाच्या किंचित मागे हृदय आणि फुप्फुसे असतात. हे मर्मस्थान साधारण २० सेंटिमीटर व्यासाचे. ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीच्या बाणाचे धारदार पाते, दोन्ही फुप्फुसांतून गेले, तर जनावर काही सेकंदांत कोसळते. तोच बाण वीतभर मागे, पोटात लागला, तर ते तासन् तास तडफडते आणि अनेकदा सापडतही नाही. लक्ष्यफलकावर दहाऐवजी सात मिळाले तर गुण कमी होतात, इथे चुकीची किंमत दुसरा जीव मोजतो.

आता अंतराचा परिणाम पाहू. २० यार्डांवर ज्याचे बाण १० सेंटिमीटरच्या वर्तुळात पडतात, त्याचे ४० यार्डांवर निव्वळ भूमितीनेच २० सेंटिमीटरमध्ये पसरतील. वारा आणि हाताचा कंप यांची भर पडली की वर्तुळ त्याहून मोठे होते. शिवाय बाण सतत खाली येत असतो. सेकंदाला २८० फूट वेगाने सुटलेला बाण २० यार्डांत वीसेक सेंटिमीटर खाली येतो, तर ४० यार्डांत जवळजवळ ९० सेंटिमीटर. त्यामुळे २५ यार्डांवरचे हरीण २० वर आहे असे समजून नेम धरला, तर बाण पाच-सात सेंटिमीटर खाली लागेल आणि बहुधा निभावेल. ४५ यार्डांवरचे हरीण ४० वर समजलात, तर तो बारा-तेरा सेंटिमीटर खाली जाईल, म्हणजे मर्मस्थानाच्या बाहेर. अंतर मोजणारे रेंजफाइंडर ही चूक टाळते, पण मोजल्यावर हरणाने चार पावले टाकली की आकडा बदललेला असतो.

सर्वांत अवघड भाग आवाजाचा. धनुष्याच्या दोरीचा आवाज बाणाच्या चौपट वेगाने जातो. २० यार्डांवर आवाज पोहोचल्यानंतर बाण पोहोचायला सेकंदाचा सहावा भाग लागतो, ४० यार्डांवर तिसरा. दचकलेले हरीण उडी मारण्याआधी पाय दुमडून खाली बसते. कान टवकारलेले असतील, तर तेवढ्या वेळात त्याचे शरीर बाणाखालून निसटू शकते. बर्लिनचा फलक ऐकत नव्हता, हलत नव्हता आणि त्याचे अंतर आधीपासून ठाऊक होते. माझ्या विद्यार्थ्यांना मी घालतो त्या मर्यादेचे कारण हेच आहे.

म्हणून माझी कसोटी सरावातल्या उत्तम बाणावर आधारलेली नसते. हात तापल्यावर मारलेला दहावा बाण मी मोजत नाही. सकाळी, थंडीच्या जाड जॅकेटमध्ये, गुडघ्यावर बसून किंवा झाडावरच्या मचाणावरून, शिकारीचेच ब्रॉडहेड लावून मारलेला पहिला बाण मोजतो. अंतर मी सांगत नाही. लक्ष्य १० सेंटिमीटरचे, म्हणजे मर्मस्थानाच्या निम्मे, कारण खरे जनावर समोर आले की छाती धडधडते आणि चूक सहज दुप्पट होते. ज्या अंतरावर हा पहिला बाण आठवड्यांमागून आठवडे त्या वर्तुळात पडतो, ते तुमचे अंतर. एखाद्याचे ते १५ यार्ड असते, एखाद्याचे ३५. वारा असेल, उजेड कमी असेल किंवा हरीण सावध असेल, तर ते आणखी कमी करायचे. हरीण तोंडासमोर उभे असेल, तर बाण सोडायचाच नाही.

परदेशात परवाना काढणाऱ्या मराठी तरुणांना माझे सांगणे आहे: हंगाम सुरू होण्यापूर्वी आपला आकडा काढा आणि धनुष्यावर लिहून ठेवा. त्यापुढे कितीही सुंदर शिंगांचा नर आला, तरी ताणलेली दोरी सावकाश सैल करा. हे ज्याला जमणार नाही, त्याने फलकावरच खेळावे.