आपल्या खेळाचा जमाखर्च

जालन्यात टेनिस बॉल क्रिकेट खेळणाऱ्या कुणालाही विचारा, ‘तुझी ताकद कशात आहे?’ उत्तर तयार असतं: ‘लेग साइडचा सिक्स.’ कच्चं काय, असं विचारलं की मात्र पिच, अंपायर आणि ऊन यांची नावं निघतात. आमच्या मोहल्ल्यातली दहा-बारा माणसं दर रविवारी फजरनंतर मैदानावर जमतात. मी त्रेचाळीस वर्षांचा. पोटासाठी दुकानदारांचे हिशेब लिहितो आणि मैदानावर ऑफ-स्पिन टाकतो. हिशेबाचा हात असल्यामुळे टीमची वहीही माझ्याकडेच आहे.

ही वही कशी लिहावी, हे मला गोल्फने शिकवलं. गोल्फची काठी मी कधी हातात धरलेली नाही. पण हौशी खेळाडूने स्वतःला कसं जोखावं, याचा त्या खेळात फार विचार झालेला आहे. तिथे आपल्या फटक्यांचा हिशेब खेळाडूनेच द्यायचा असतो. १९२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्स या हौशी खेळाडूने ‘माझा चेंडू हलला’ असं स्वतः सांगून एका फटक्याचा दंड घेतला. दुसऱ्या कुणी ते पाहिलं नव्हतं. सामना बरोबरीत सुटला आणि फेरलढतीत जोन्स हरला.

पण नुसत्या इमानदारीने भागत नाही, कारण आठवण इमानदार माणसालाही चकवते. गोल्फमध्ये फार वर्षं समज होता की सामना जिंकून देतो तो शेवटचा हलका फटका, म्हणजे पटिंग. हातातोंडाशी आलेला चेंडू चुकला की तो रात्रभर आठवतो ना! कोलंबिया विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी व्यावसायिक खेळाडूंचे लाखो फटके तपासले. प्रत्येक फटका त्यांनी एकाच प्रश्नावर घासला: या जागेवरून साधारणपणे किती फटके लागतात, आणि याला किती लागले? अव्वल आणि साधारण खेळाडूंमधला सुमारे दोन-तृतीयांश फरक लांबच्या फटक्यांत निघाला.

दुसरी गोष्ट हँडिकॅपची. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक पद्धतीत हौशी खेळाडूचा हँडिकॅप शेवटच्या २० फेऱ्यांतल्या सर्वांत चांगल्या ८ फेऱ्यांवरून काढतात. म्हणजे तो आकडा ‘माझा चांगला दिवस कसा असतो’ हे सांगतो, ‘मी रोज कसा खेळतो’ हे नाही. आपण सगळेच मनात हे आठ दिवस घेऊन फिरतो. उरलेले बारा दिवस कुणी मोजायचे?

म्हणून मी वहीत विकेट लिहिताना समोरचा फलंदाज नवा होता की जमलेला, हेही लिहितो. एका हंगामानंतर चित्र स्वच्छ झालं. माझ्या बहुतेक विकेट नुकत्याच आलेल्या फलंदाजांच्या आहेत. जमलेला फलंदाज मला सहज खेळतो, कारण तो पुढे सरसावला की माझा चेंडू आखूड पडतो. आता कप्तान मला विकेट पडल्यावरच चेंडू देतो. टीमचा फायदा झाला आणि मला सरावाला विषय मिळाला.

ही वही खेळापुरतीच राहिली असती. पण या वर्षी शेजारचे चाचा ती बघायला घरी आले. चाचा एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये कामाला आहेत. मुलगा सतरा वर्षांचा, आमच्याच टीमचा. त्याला पुण्याच्या अकादमीत घालायचं तर चाचींचे दागिने गहाण पडणार होते. चाचा म्हणाले, “भाई, सगळे म्हणतात पोरगा दुसरा विजय झोल होईल. तुमची वही काय म्हणते ते सांगा.”

विजय झोलचं नाव जालन्यात घराघरात आहे, आणि ते हक्काचं आहे. २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा, २०१४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचं कप्तानपद. एवढं करूनही सीनियर भारतीय संघाचं दार उघडलं नाही, हेही त्याच हिशेबात धरावं लागतं.

मी मुलालाही बोलावलं आणि त्याच्यासमोरच वही वाचली. बावीस डाव. त्यातली चार अर्धशतकं मोहल्ल्याला पाठ आहेत. अकरा डाव पंधराच्या आतले आहेत, ते कुणाला आठवत नाहीत. लेदर बॉलवर फक्त तीन डाव, आणि तीनपैकी दोनदा तो ऑफ-स्टंपबाहेर वळणाऱ्या चेंडूवर आडवी बॅट घालून बाद. टेनिस बॉल हलका, त्याला शिवण नाही, म्हणून आडवी बॅट खपून जाते. लेदर बॉल टप्प्यावर हलतो, तिथे ती खपत नाही. पण त्याच वहीत दुसरीही नोंद होती. त्याने थेट फेकीवर नऊ जण धावबाद केले होते. यासाठी त्याला कुणी शाबासकी दिली नव्हती, आणि त्यालाही ही आपली ताकद वाटत नव्हती.

मी एवढंच म्हणालो, “चाचा, ‘नाही’ म्हणण्याइतकंही वहीत नाही आणि दागिने ठेवण्याइतकंही नाही. एक हंगाम इथेच लेदर बॉलवर खेळू द्या. त्याची वही त्यालाच लिहू द्या. मग बसू.”

चाचांनी दागिने घरीच ठेवले. मुलगा सलाम न करता उठून गेला आणि पुढचे दोन रविवार मैदानावर फिरकला नाही. तिसऱ्या रविवारी आला, टेनिस बॉलचा सामना संपेपर्यंत थांबला आणि मला म्हणाला, “चाचा, वहीत रकाने कसे आखायचे?”

मी सहा रकाने आखून दिले: चेंडू कोणता, गोलंदाज कसा, किती चेंडू खेळलो, किती धावा, कसा बाद झालो आणि फील्डिंगमध्ये काय केलं. ‘नशीब’ असा सातवा रकाना त्याला हवा होता. तो मी आखला नाही.