काकांचं मन कुठे अडतं

ती. सौ. मावशीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "हाताच्या थरथरीचं आता काही वाटत नाही गं. पण ह्यांना कशाचंच काही वाटेनासं झालंय." तेव्हापासून तेच मनात घोळतंय. फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून लिहितेय.

काका आळशी झालेले नाहीत, तुझ्यावर रुसलेलेही नाहीत. ही निरिच्छता पार्किन्सन्सचंच लक्षण आहे. लंडनच्या जेम्स पार्किन्सनने १८१७ साली या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धी शाबूत राहते असं लिहिलं होतं. पुढे कितीतरी काळ सगळ्यांचं लक्ष हातापायांकडेच राहिलं. पण दहा रुग्णांतल्या साधारण चौघांना ही निरिच्छता जडते, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना नैराश्य नसतं. काका रडत नाहीत, जेवण टाळत नाहीत, जीव नकोसा झाला असंही म्हणत नाहीत. त्यांना फक्त उठावंसं वाटत नाही.

का वाटत नाही, ते मेंदूत बघायला हवं. या आजारात मेंदूच्या खोल भागातल्या डोपामीन बनवणाऱ्या पेशी मरत जातात. हालचाल बिघडते ती त्यामुळेच. पण डोपामीनचं काम तेवढंच नाही. स्ट्रायटम नावाचा जो भाग आहे, त्याचा खालचा पट्टा कपाळामागच्या मेंदूशी जोडलेला असतो. एखाद्या गोष्टीसाठी किती कष्ट पडतील आणि त्यातून काय मिळेल, हा हिशोब तिथे होतो. निरिच्छ झालेल्या काही रुग्णांच्या एमआरआयमध्ये नेमका हाच भाग आकसलेला आढळला आहे. सिरोटोनिनसारखी इतर रसायनंही यात गुंतलेली असतात, त्यामुळे डोपामीनची गोळी वाढवली की सगळं सुटतं असंही नाही. थोडक्यात, काकांचा मेंदू प्रत्येक वेळी 'एवढे कष्ट कशाला' याच उत्तराशी येऊन थांबतो. स्कूटर चालायला ठीक आहे, किकच बसत नाही.

तूच सांगितलेली गोष्ट आठव. "बाजारात येता का?" विचारलंस की ते म्हणतात, "तूच बघ काय ते." आणि त्या रविवारी तू न विचारता त्यांच्या पायात चपला सरकवल्यास, पिशवी हातात दिलीस, तर कोळणीच्या टोपलीपुढे त्यांनी आपणहून बांगड्याचा कल्ला उघडून लाल आहे का ते पाहिलं, आणि "हा कालचा आहे" म्हणून परतही ठेवला. आवड गेलेली नाही, मावशी. पारखही गेलेली नाही. सुरुवात तेवढी त्यांच्याच्याने होत नाही.

म्हणून "काय करूया?" असं विचारू नकोस, त्याचं उत्तर "काही नको" असंच येणार. वेळ ठरवून टाक: चहा झाला की अंगणात दोन फेऱ्या, संध्याकाळी भाजी निवडायला शेजारी बसणं. काम लहान असू दे आणि सुरुवात तू करून दे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, तिथे रुग्ण आणि घरचे एकमेकांना भेटतात. एकदा त्यांच्याशी बोल, तुझ्यासाठीसुद्धा. कारण या निरिच्छतेचा भार रुग्णापेक्षा जोडीदारालाच जास्त जाणवतो. तू थकलीस यात तुझा काही दोष नाही.

पुढच्या तपासणीला हे डॉक्टरांना आवर्जून सांग. ते थरथर किती, चाल कशी, एवढंच विचारतील. काका स्वतः काही बोलणार नाहीत. कधीपासून असं झालं, गोळ्या बदलल्या तेव्हा वाढलं का, झोप कशी आहे, हे आजच वहीत लिहून ठेव. नैराश्य किंवा थायरॉइडची तक्रार नाही ना, तेही डॉक्टर तपासतील. आणि त्यांना विचारल्याशिवाय कुठलीही गोळी स्वतःहून कमी करू नकोस किंवा बंद करू नकोस.

तुझी,
भाची