खिडकी उघडी ठेवून शिजवलेल्या फासळ्या

मागच्या हिवाळ्यात पुण्याला नोकरीला असलेला आमचा भाचा चार दिवस मनमाडला आला होता. जेवता जेवता म्हणाला, "मामा, हॉटेलात बार्बेक्यू रिब्स म्हणून एक प्लेट मिळते. हाडावरून मटण नुसते गळून पडते. घरी जमेल का?" आमच्या आईने विचारले, "रिब म्हंजे काय रे?" डुकराच्या फासळ्या, असे कळताच म्हातारी पदर तोंडाला लावून हसत सुटली. "आरं बाबा, त्या तर तुझा आज्जा पिशवीत लपवून आणायचा!"

खरेच होते ते. आमचे वडील रेल्वे कारखान्यात खलाशी होते. पगाराच्या आठवड्यात ते डुकराचे मटण आणीत, ते कापडी पिशवीत, वर मेथीची जुडी ठेवून. घरात पिशवी आली की आई आधी खिडकी लावून घेई. वास बाहेर जाऊ नये म्हणून रॉकेलचा स्टोव्ह मोठा करून अर्ध्या-पाऊण तासात मटण उरकायचे. ते इतके चिवट होई की चावता चावता जबडा दुखे. आम्हा भावंडांना वाटे, डुकराचे मटण असेच असते. शाळेत कोणी विचारले, "काल काय खाल्ले?" तर आम्ही सांगत असू, "बटाट्याची भाजी."

ही लाज आली कुठून? मार्च 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडा, असे सांगितले. आमच्या घराण्याने ते सोडले. वडील म्हणत, "ते लाचारीचं होतं, सोडलं. हे पगाराचं आहे." मग पगाराचे अन्न लपवायचे कशाला? यावर मात्र ते गप्प बसत. आपल्या ताटाकडे आणि पाण्याकडे बघूनच आपली किंमत ठरत आली, हे त्यांना ठाऊक होते. याच मनमाडला 12 आणि 13 फेब्रुवारी 1938 रोजी जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली होती. बाबासाहेबांनी त्या वेळी दाखवून दिले की आपल्या माणसाला गँगमन करतात, पण पोर्टर करीत नाहीत. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत, आणि तिथे आपला हात चालत नसे.

आमची खिडकी उघडली ती शेजारच्या आंटीने. ती मूळची गोव्याची, नवरा रेल्वेत गार्ड. तिच्याकडे रविवारी डुकराचे मटण दिवसभर मंद आचेवर रटरटत असे, आणि खिडकी सताड उघडी! तिने आईला सांगितले, "बाई, ह्या मटणाला घाई चालत नाही. व्हिनेगर लाव, आच कमी कर आणि विसरून जा." पोर्तुगीजांच्या दारू-लसणाच्या मटणापासूनच गोव्याचे विंदालू झाले, हे आम्हाला पुढे कळले. त्या दिवशी आई म्हणाली, "म्हंजे मटण चिवट नव्हतं, आपलं भ्याव चिवट होतं."

त्यामागचे शास्त्र साधे आहे. फासळ्यांच्या मांसात चिवट धागे फार असतात. मोठ्या आचेवर ते आक्रसतात आणि मांसातले पाणी पिळून काढतात. मंद आचेवर तास-दोन तास राहिले की तेच धागे विरघळून चिकट रस होतो, आणि मांस मऊ पडते.

भाच्याला आम्ही असे करून दाखवले. दोन किलो फासळ्या, सबंध पट्ट्यांच्या. हाडाच्या बाजूचा पांढरा पापुद्रा सुरीने उचलून ओढून काढला. तो राहिला तर मसाला आत जात नाही. वीस पाकळ्या लसूण, बोटभर आले, दोन चमचे काळा मसाला, हळद, तिखट, मीठ आणि अर्धी वाटी व्हिनेगर हे सारे चोळून रात्रभर फ्रीजमध्ये ठेवले. सकाळी जाड बुडाच्या पातेल्यात कांद्याच्या चकत्या अंथरून त्यावर फासळ्या रचल्या, वाटीभर पाणी घातले, झाकणाच्या कडा कणकेने बंद केल्या आणि दोन तास मंद आच ठेवली. मनमाडला एके काळी नळाला पंधरा-पंधरा दिवस पाणी नसे, त्यामुळे कमी पाण्यात शिजवायची सवय आईच्या हाताला आहेच. हाड पिळून पाहावे. मांसात सहज फिरले की झाले.

मग अंगणात शेगडी. वडिलांनी एकदा दगडी कोळशावर मटण भाजले होते. घासलेटासारखा वास आला आणि सगळे फेकावे लागले. बाभळीचा लाकडी कोळसा घ्यावा आणि त्यावर पांढरी राख चढू द्यावी. पातेल्यातला रस आटवून त्यात गूळ, चिंचेचा कोळ आणि तिखट घालावे. हे शेवटच्या पाच मिनिटांतच लावावे, नाहीतर गूळ करपतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. गटारावर फिरणाऱ्या डुकराचे मटण घेऊ नये आणि मांस अर्धकच्चे ठेवू नये. त्यातून पट्टकृमी पोटात जातो. अशा माणसाच्या विष्ठेतली अंडी पाण्यातून, भाजीपाल्यातून दुसऱ्याच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट येतात. म्हणून हात आणि भाजी स्वच्छ धुणे हे मांस न खाणाऱ्यालाही सुटलेले नाही.

भाजता भाजता भाच्याने सांगितले की अमेरिकेच्या दक्षिणेत बार्बेक्यूचे काम पिढ्यानपिढ्या काळ्या गुलामांच्याच हातांनी झाले. 1972 साली आपल्या तरुणांनी ज्यांच्यावरून पँथर हे नाव घेतले, त्यांच्याच पूर्वजांची ही कला. आईने तिला माहीत असलेली गोष्ट सांगितली. भगवान बुद्धांनी शेवटचे भोजन चुंद लोहाराच्या घरी केले. ते डुकराचे मांस होते की कंदमूळ, यावर विद्वानांचा वाद आहे. पण चुंदाला कोणी दोष देऊ नये, त्याचे दान थोर आहे, असे तथागतांनी आनंदाला बजावले, यावर वाद नाही. खाऊ घालणाऱ्याचा मान आधी, असा आई त्याचा अर्थ लावते. आपल्यातली काही घरे मांस खात नाहीत, त्यांचाही मान राखावा.

रात्री भाचा हळूच म्हणाला, "मामा, पुण्यात खोली बघायला गेलो की आधी विचारतात, नॉनव्हेज खाता का? मी नाही म्हणतो. खिडक्या लावून अंडी उकडतो." आम्हाला आमची बटाट्याची भाजी आठवली. पन्नास वर्षांत खिडकी मनमाडहून पुण्याला गेली, पण बंदच राहिली.

आम्ही त्याला उपदेश केला नाही. उन्हाळ्यात त्याचा फोन आला. नवी खोली शोधताना त्याने खरे सांगितले. दोन ठिकाणी नकार मिळाला, तिसऱ्या ठिकाणी खोली मिळाली. भाडे पाचशे रुपये जास्त आहे. म्हणाला, "मामा, रविवारी फासळ्या करतोय. कणकेने झाकण लावायचे ना?"

आई पलीकडून ओरडली, "झाकण लाव, खिडकी लावू नको!"