सांगाडा आणि साज

आमच्या कोहमाऱ्यात पाहण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारले तर मी चौक दाखवीन. मुंबई-कोलकाता महामार्ग इथून जातो. पूर्वी त्याचा क्रमांक 6 होता, आता 53 आहे. गोंदियाकडे जाणारा रस्ता त्याला इथेच फुटतो. लहानपणी या चौकात उभी राहून मी एक मौज पाहत असे. जमशेदपूरच्या कारखान्यातून निघालेल्या ट्रकच्या नुसत्या चेसिस ओळीने जायच्या. ना केबिन, ना छप्पर, ना फाळका! इंजिन, चाके, लोखंडाच्या दोन लांब पट्ट्या आणि फळीच्या बैठकीवर डोळ्यांना गॉगल लावून, तोंडाला फडके गुंडाळून बसलेला ड्रायव्हर!

मला त्या सांगाड्यांची भीती वाटायची. बाबांना मात्र त्यांचे कोण कौतुक! कारण माझे बाबा सांगाड्याला अंग देणारे कारागीर. ते ट्रकची बॉडी बांधतात. शाळा चौथीपर्यंत, पण रंधा, पटाशी आणि गिरमिट हाती घेतले की त्यांना कागद-पेन्सिल लागत नाही.

खरे सांगते, कॉलेजात आल्यावर मला या धंद्याची लाज वाटू लागली. प्रवेशाच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी 'शेती' असे लिहिले. आमची शेती म्हणजे धानाच्या दोन बांध्या. लिहिले ते खोटे नव्हते, पण खरेही नव्हते. त्यात हल्ली ट्रकला केबिन कारखान्यातूनच येते. बाबांकडे नवे काम क्वचित. कुठे फाळका बदल, कुठे तळाच्या फळ्या ठोक, एवढेच. "आता हत्यारं विकून टाकावी," असे ते मागच्या उन्हाळ्यात आईला म्हणाले, तेव्हा मी काहीच बोलले नाही. मनातून मला बरेच वाटले होते.

मावशीचे यजमान रेल्वेत आहेत. त्यांची बदली कोल्हापूरला झाली आणि दसऱ्याला मावशीने मला बोलावले. गोंदियाला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये बसले, ती दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला उतरले. महाराष्ट्राच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि गाडी मात्र एकच!

दसऱ्याच्या संध्याकाळी मावशीबरोबर दसरा चौकात गेले. केवढी गर्दी! अंबाबाईची पालखी आली, भवानीची आली. एवढ्यात गर्दीत एकच लाट उठली, "मेबॅक आली, मेबॅक!" टाचा उंच करून पाहिले. केशरी रंगाची एक लांबलचक, जुन्या घाटाची मोटार संथपणे येत होती. कोल्हापूरच्या छत्रपतींचे घराणे या मोटारीतून शमीपूजनाला येते. शेजारचे एक आजोबा म्हणाले, "बघून घे पोरी. वर्षातनं एकदाच बाहेर निघते ही." मी डोळे भरून पाहिली. मग आपट्याचे सोने लुटले गेले. ते सोने वहीत जपून मी परत आले.

घरी आल्यावर बाबांना सारे रंगवून सांगितले. मला वाटले, ते राजाविषयी विचारतील. त्यांनी विचारले, "बॉडी कायची होती? लाकूड कोनतं?"

मी गप्प! चकाकी तेवढी पाहिली होती.

"वर्षातून एकच दिस निघते म्हनतेस, मंग बाकीचे दिस तिले कोन पाहते?" बाबांनी पुढे विचारले आणि स्वतःच सांगू लागले. "चालनारी गाडी झिजते, पन उभी गाडी सडते, पोरी." एका जागी उभ्या गाडीचे टायर खालून चपटे पडतात. बॅटरी उतरते. टाकीतले पेट्रोल जुने होऊन चिकट बनते आणि कार्बोरेटर तुंबवते. ब्रेक धरून बसतात. पावसाळ्यात पत्रा आणि लाकूड यांच्या सांध्यात ओल राहते. वरून रंग झगझगीत आणि आत लाकडाचा भुसा! म्हणून बोटाने टिचकी मारून ऐकावे लागते. इंजिन अधूनमधून चालू करून गाडी थोडी फिरवावी लागते. आणि मिरवणुकीत माणसाच्या चालीने जाणे तर सर्वांत अवघड, कारण रेडिएटरला वारा मिळत नाही आणि इंजिन तापते.

मी ऐकतच राहिले. कॉलेजातल्या एखाद्या व्याख्यानाइतकी ही माहिती मला कधी भिडली नव्हती!

बाबांच्या लाकडाचे उत्तर शोधण्यासाठी मी वाचायला बसले आणि नवल वाटले. मेबॅक ही जर्मनीची कंपनी 1909 साली निघाली, ती झेपेलिन विमाननौकांची इंजिने बनवण्यासाठी. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने जर्मनीत विमानांवर बंधने आली, तेव्हा ती मोटारींकडे वळली. 1921 साली तिची पहिली मोटार बर्लिनच्या प्रदर्शनात आली. दुसऱ्या महायुद्धात मोटारी बंद पडल्या. विल्हेल्म मेबॅक, ज्यांच्या नावाने ही कंपनी ओळखली जाते, ते दहाव्या वर्षी पोरके झाले आणि रॉयटलिंगेनच्या एका अनाथाश्रमात वाढून तिथेच नकाशे काढायला शिकले.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मेबॅक कंपनी फक्त इंजिन आणि चेसिस देई! वरची बॉडी गिऱ्हाइकाच्या पसंतीने दुसरे कारागीर बांधत. रावेन्सबुर्ग गावच्या श्पोन यांचा कारखाना त्यासाठी नावाजलेला होता. अ‍ॅश नावाच्या चिवट लाकडाचा सांगाडा करायचा आणि त्यावर हाताने ठोकून घडवलेला पत्रा चढवायचा, ही त्या काळच्या कारागिरांची रीत. पूर्वी हेच लोक घोड्यांच्या बग्ग्या बांधत असत.

म्हणजे राजांच्या मोटारीही आधी आमच्या चौकातल्या चेसिससारख्या उघड्याच होत्या! आणि त्यांना अंग देणारे हात सुतारांचेच होते!

हे मी बाबांना वाचून दाखवले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याकडं साग, नाई तं बीजा. अ‍ॅश आमी नाई पाह्यलं." एवढे बोलून ते उठले आणि कोपऱ्यातली पेटी उघडून पटाशीला धार लावू लागले. हत्यारे विकायची गोष्ट त्यानंतर घरात निघालेली नाही. काम वाढले आहे असे मात्र नाही. काल दिवसभरात एकच ट्रक थांबला, तोही फाळक्याच्या कडीसाठी.

कोल्हापूरच्या त्या केशरी मोटारीला दसऱ्याला हजारो लोक पाहतात. उरलेले दिवस तिला जपणाऱ्या हातांना कोण पाहते? मी तरी पाहिले नव्हते, माझ्या घरातलेसुद्धा.

येत्या जूनमध्ये तिसऱ्या वर्षाचा फॉर्म भरायचा आहे. 'वडिलांचा व्यवसाय' हा रकाना फार लहान असतो. पण 'ट्रकची बॉडी बांधणे' एवढे शब्द त्यात मावतात. मी मोजून पाहिले आहे.

— बी. ए. द्वितीय वर्ष